शेफील्डने पाहिलेले आघाडी सरकार: ब्रिटन, २०१० ते २०१५

६ मे २०१० रोजी रात्री दहाच्या ठोक्याला, शेफील्ड शहराच्या पश्चिमेकडील रॅनमूर भागात, एका मतदान केंद्राबाहेर रांगेत तिष्ठत असलेल्या अनेक मतदारांना वेळ संपल्याचे सांगून परत पाठवण्यात आले. त्यांत विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांची संख्या मोठी होती आणि त्यांतले कित्येक जण आयुष्यातले पहिले मत द्यायला आले होते. असे प्रकार देशात इतरत्रही घडले. निवडणूक आयोगाने नंतर केलेल्या चौकशीत २७ मतदान केंद्रांवर किमान १,२०० लोकांचे मतदान असे हुकल्याचे आढळले आणि पुढे २०१३ मध्ये कायदा बदलून दहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देण्याची मुभा देण्यात आली. तरीही रॅनमूरची रांग या प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवण्यास एक कारण आहे. हे केंद्र शेफील्ड हॅलम मतदारसंघात येत होते आणि तेथील उमेदवार होते लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग. त्या वसंतात ब्रिटनमधल्या तरुणांना राजकारणाकडे ओढून आणणारा कोणी असेल, तर ते क्लेगच होते. पुढच्या पाच वर्षांत याच शहराने त्यांच्याविषयीचे मत इतके बदलले की, आघाडी सरकारबद्दल ब्रिटिश जनतेला नेमके काय वाटले हे समजून घ्यायचे असेल, तर लंडनइतकेच शेफील्डकडे पाहावे लागते.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रथमच प्रमुख तीन पक्षांच्या नेत्यांचे वादविवाद दूरचित्रवाणीवर झाले. १५ एप्रिलच्या पहिल्या चर्चेनंतर क्लेग यांची लोकप्रियता एका रात्रीत वाढली आणि काही चाचण्यांत त्यांचा पक्ष सत्ताधारी मजूर पक्षाच्याही पुढे गेला. निकालात मात्र वेगळेच चित्र दिसले. ६५० जागांच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांच्या हुजूर पक्षाला ३०६, गॉर्डन ब्राउन यांच्या मजूर पक्षाला २५८ आणि लिबरल डेमोक्रॅटना ५७ जागा मिळाल्या. नॉर्थ यॉर्कशरमधील एका जागेचे मतदान उमेदवाराच्या निधनामुळे पुढे ढकलले गेले होते. तीही नंतर हुजूर पक्षाकडे गेली. लिबरल डेमोक्रॅटना देशभरात २३ टक्के मते पडली, म्हणजे आधीच्या निवडणुकीपेक्षा थोडी जास्तच, आणि तरी त्यांच्या पाच जागा कमी झाल्या. शेफील्ड सेंट्रलमध्ये तर मजूर पक्षाने त्यांना अवघ्या १६५ मतांनी हरवले. बहुमताचा आकडा ३२६ होता आणि तो कोणालाच गाठता आला नव्हता. १९७४ नंतर प्रथमच निवडणुकीतून त्रिशंकू संसद निघाली होती.

पाच दिवसांची सौदेबाजी आणि पहिला प्रतिसाद

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात धक्का बसण्यासारखे काही वाटणार नाही. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढून निकालानंतर एकत्र आल्या, तेव्हा त्यावर टीका झाली, पण आता राज्य कसे चालणार या चिंतेने कोणी गांगरून गेले नाही. ब्रिटनमध्ये मात्र युद्धकाळातील चर्चिल यांचे सरकार १९४५ मध्ये संपल्यापासून संपूर्ण आघाडी सरकार कोणी पाहिलेले नव्हते, आणि हुजूर पक्षाने प्रचारात त्रिशंकू संसदेचेच भय दाखवले होते. त्याच आठवड्यात ग्रीसमध्ये कर्जसंकट पेटले होते, अथेन्समधील हिंसक निदर्शनांची दृश्ये घरोघरी दिसत होती, आणि सरकार लवकर बनले नाही तर पौंड घसरेल, कर्ज महागेल अशा इशाऱ्यांनी वर्तमानपत्रे भरली होती. त्यामुळे लोकांच्या पहिल्या प्रतिसादात पसंती-नापसंतीइतकीच घाईही होती. कोणाचेही असो, पण सरकार स्थापन व्हावे असे पुष्कळांना वाटत होते.

७ मे रोजी कॅमेरॉन यांनी लिबरल डेमोक्रॅटना सहकार्याचा मोठा, खुला आणि व्यापक प्रस्ताव जाहीर केला. दुसऱ्या दिवशी, त्या पक्षाचे खासदार लंडनच्या स्मिथ स्क्वेअरमध्ये बैठकीसाठी जमले असताना, न्याय्य मतदान पद्धतीची मागणी करणारे शेकडो लोक जांभळे कपडे घालून इमारतीबाहेर गोळा झाले. क्लेग बाहेर आले आणि त्यांनी निवेदन स्वीकारले. या दृश्याकडे नीट पाहायला हवे. ते लोक क्लेग यांचा निषेध करायला आलेले नव्हते. मिळालेली संधी दवडू नका, निवडणूक पद्धत बदलून घ्या, असे ते विनवत होते. आघाडीकडून आशा बाळगणारा वर्ग पहिल्या दिवसापासून होता आणि त्याची आशा एका ठरावीक मागणीशी बांधलेली होती.

मजूर पक्षाशीही बोलणी झाली. १० मे रोजी ब्राउन यांनी पक्षनेतेपद सोडण्याची तयारी जाहीर केली, ती काही अंशी क्लेग यांना वाटाघाटी सोप्या जाव्यात म्हणूनच. पण मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांची बेरीज ३१५ वर अडत होती आणि बहुमतासाठी स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील लहान पक्षांची मोट बांधावी लागली असती. मजूर पक्षातूनच विरोधाचे सूर उमटले. शेफील्डचेच खासदार आणि माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी अशा सरकारला जाहीर विरोध केला. हरलेल्यांनी एकत्र येऊन राज्य करणे लोकांना रुचणार नाही, ही भावना मजूर पक्षाच्या पाठीराख्यांतही होती. ११ मे रोजी ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि त्याच संध्याकाळी त्रेचाळीस वर्षांचे कॅमेरॉन पंतप्रधान झाले. १८१२ मधील लॉर्ड लिव्हरपूल यांच्यानंतरचे ते सर्वांत तरुण पंतप्रधान होते.

१२ मे रोजी डाउनिंग स्ट्रीटमागील गुलाबांच्या बागेत नव्या आघाडीचे पंतप्रधान कॅमेरॉन आणि उपपंतप्रधान क्लेग यांनी शेजारी शेजारी उभे राहून पत्रकार परिषद घेतली. ऊन पडले होते, दोघेही हसत होते, आणि कॅमेरॉन यांनी पूर्वी क्लेग यांची केलेली थट्टा पत्रकारांनी आठवून दिल्यावर दोघांनी ती हसण्यावारी नेली. या एका तासाने पुढच्या पाच वर्षांच्या प्रतिक्रिया बऱ्याच अंशी घडवल्या, असे माझे मत आहे. देशाच्या आर्थिक संकटात दोन पक्ष भांडण बाजूला ठेवून काम करत आहेत, हे अनेकांना मनापासून आवडले; सुरुवातीच्या जनमत चाचण्यांत सरकारला अनुकूल असणारे लोक प्रतिकूल लोकांपेक्षा जास्त होते. पण ज्यांनी हुजूर पक्षाला रोखण्यासाठी लिबरल डेमोक्रॅटना मत दिले होते, त्यांना तो खेळीमेळीचा देखावा सहन होण्यासारखा नव्हता. नाइलाजाने केलेला करार त्यांनी कदाचित मान्य केला असता. पण बागेत दिसलेल्या जवळिकीत नाइलाजाचा मागमूसही नव्हता.

मत कशासाठी दिले होते

ब्रिटनच्या पद्धतीत मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. मग ती मते तीस-पस्तीस टक्केच का असेनात. या पद्धतीत लक्षावधी मतदार आवडीच्या पक्षाऐवजी, नावडत्या पक्षाला पाडू शकेल अशा पक्षाला मत देतात. मतदानाच्या दोन दिवस आधी मजूर पक्षाच्या एड बॉल्स आणि पीटर हेन या मंत्र्यांनी, जिथे मजूर उमेदवाराला संधी नाही तिथे हुजूर उमेदवाराला रोखण्यासाठी डोळसपणे मत द्या, असे जवळजवळ उघडपणे सुचवले होते. नैऋत्य इंग्लंडमध्ये लिबरल डेमोक्रॅटनी जिंकलेल्या पंधरा जागांमागे असे मतदार मोठ्या प्रमाणावर होते. त्यांच्या दृष्टीने ही आघाडी म्हणजे तडजोडीच्याही पुढची गोष्ट होती. त्यांनी जे टाळण्यासाठी मत दिले, तेच त्यांच्या मताने घडवून आणले होते.

हुजूर पक्षातही नाराजी होती, पण ती वेगळ्या जातीची. अनुकूल परिस्थिती असूनही पूर्ण बहुमत का मिळाले नाही, हा कार्यकर्त्यांचा सवाल होता. कॅमेरॉन यांनी मे महिन्यातच मागच्या बाकांवरील खासदारांच्या '१९२२ समिती'त मंत्र्यांनाही सामावून घेण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा तो १६८ विरुद्ध ११८ मतांनी संमत झाला खरा, पण त्या ११८ मतांवरून असंतोषाची खोली दिसली आणि प्रस्ताव सौम्य करावा लागला. हा असंतोष मात्र पक्षाच्या घरातच राहिला. मतपेटीत त्याचा मोठा फटका २०१५ च्या निवडणुकीत तरी बसला नाही.

लिबरल डेमोक्रॅट पक्षाची अंतर्गत रीत अधिक लोकशाहीची होती. करारावर खासदार आणि पक्षाची कार्यकारिणी यांची मान्यता घेतली गेलीच, शिवाय १६ मे रोजी बर्मिंगहॅममध्ये विशेष अधिवेशन भरवून तेथेही प्रचंड बहुमताने संमती मिळवण्यात आली. माजी नेते चार्ल्स केनेडी यांनी मात्र आपण पाठिंबा देऊ शकलो नाही हे जाहीरपणे लिहिले. पक्षाची सदस्यसंख्या २०१० च्या अखेरीस सुमारे ६५ हजार होती. वर्षभरात ती ४९ हजारांच्या आसपास आली. अधिवेशनात हात वर करणारे आणि घरी बसून सदस्यत्वाचे नूतनीकरण न करणारे हे वेगवेगळे लोक होते, हे पक्षाच्या ध्यानात उशिरा आले.

स्वाक्षरी

शेफील्डला पहिला घाव जूनमध्ये बसला. शहराचा शतकानुशतकांचा पोलाद उद्योग ज्या मोजक्या कारखान्यांत तग धरून आहे, त्यांतल्या शेफील्ड फोर्जमास्टर्सला अणुभट्ट्यांचे अवजड सुटे भाग घडवण्यासाठी १५ हजार टनी प्रेस उभारायचा होता आणि आधीच्या मजूर सरकारने त्यासाठी ८ कोटी पौंडांचे कर्ज मंजूर केले होते. १७ जून रोजी नव्या सरकारने ते रद्द केले. घोषणा करणारे मंत्री डॅनी अलेक्झांडर लिबरल डेमोक्रॅट होते आणि उपपंतप्रधान त्याच शहराचे खासदार होते. पाच दिवसांनी आलेल्या तातडीच्या अर्थसंकल्पात मूल्यवर्धित कर साडेसतरा टक्क्यांवरून वीस टक्के करण्याची तरतूद होती. एप्रिलमध्ये क्लेग यांनी याच करवाढीचा धोका दाखवणारे फलक लावून हुजूर पक्षावर टीका केली होती. तरीही, करवाढ असो की कर्जरद्द, लोक चिडले पण पक्षापासून पूर्ण तुटले नाहीत. तिजोरीत पैसा नाही ही गोष्ट बहुतेकांना पटली होती. मजूर पक्षाचे मावळते मंत्री लियाम बर्न यांनी उत्तराधिकाऱ्यासाठी ठेवलेली, पैसा उरलेला नाही असे सांगणारी चिठ्ठी त्याआधीच जगजाहीर झाली होती.

विद्यापीठ शुल्काच्या प्रश्नावर मात्र सगळेच फिरले. निवडणुकीआधी राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने तयार केलेल्या प्रतिज्ञापत्रावर लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या निवडून आलेल्या सर्व ५७ खासदारांनी सही केली होती. येत्या संसदेत शुल्कवाढीविरुद्ध मतदान करीन, असे त्यात प्रत्येकाने व्यक्तिशः लिहून दिले होते आणि कागद हातात धरून छायाचित्रे काढून घेतली होती. आघाडीच्या करारात या पक्षाच्या खासदारांना शुल्काच्या प्रश्नावर तटस्थ राहण्याची सवलतही ठेवलेली होती. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठांच्या खर्चाचा विचार करणाऱ्या लॉर्ड ब्राउन (माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन नव्हेत) यांच्या समितीचा अहवाल आला आणि सरकारने वार्षिक शुल्काची मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांपर्यंत नेण्याचे ठरवले. विद्यापीठे ज्यांच्या खात्यात येत, ते मंत्री व्हिन्स केबल लिबरल डेमोक्रॅटच होते. म्हणजे प्रस्ताव मांडण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली.

१० नोव्हेंबरला लंडनमध्ये विद्यार्थ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यांतला एक गट हुजूर पक्षाचे मुख्यालय असलेल्या मिलबँक इमारतीत घुसला. काचा फुटल्या, अटका झाल्या. पण संतापाचा खरा रोख क्लेग यांच्यावर होता, आणि याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले, कारण शुल्कवाढ मुळात हुजूर पक्षाला मान्य होती. हुजूर पक्षाने तसे न करण्याचे वचनच दिलेले नव्हते, हे त्याचे साधे उत्तर आहे. ९ डिसेंबरला प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी संमत झाला. लिबरल डेमोक्रॅट खासदारांपैकी २१ जणांनी विरोधात मत दिले. त्यांत केनेडी आणि मेन्झीस कॅम्बेल हे दोन माजी नेतेही होते. क्लेग यांनी बाजूने मत दिले. करारातील तटस्थतेची सवलत हाताशी असताना त्यांनी तो मार्ग का घेतला नाही, याचे स्पष्टीकरण सरकारची एकसंधता टिकवणे असे दिले गेले. मला ते राजकारणी म्हणून समजते, मतदार म्हणून पटत नाही. धोरण परिस्थितीनुसार बदलते हे लोकांना कळते, पण ज्याने कागदावर सही करून दिली त्याच्याकडून ते निराळी अपेक्षा ठेवतात. रॅनमूरच्या रांगेतून मत न देता परतलेले विद्यार्थी त्या दिवशी काय म्हणाले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये क्लेग यांनी ध्वनिचित्रफितीद्वारे माफी मागितली. ती नीट ऐकल्यास लक्षात येते की, वचन मोडल्याबद्दल ती नव्हती. पाळता येणार नाही असे वचन दिल्याबद्दल ती होती. हा भेद त्यांच्या दृष्टीने प्रामाणिक असावा, पण ऐकणाऱ्यांच्या जखमेवर त्याने मीठच चोळले.

स्कॉटलंड

केवळ सहीच्या आधारे सगळे उलगडत नाही, हे स्कॉटलंडवरून कळते. तेथील विद्यार्थ्यांना आपल्या देशातील विद्यापीठांत शिक्षण शुल्क भरावे लागत नव्हते, त्यामुळे हा वाद त्यांच्या घरात तितका शिरला नाही. शिवाय स्कॉटिश संसदेत १९९९ ते २००७ अशी आठ वर्षे मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे आघाडी सरकार सुरळीत चालले होते, म्हणजे आघाडी हा प्रकार तिथे परका नव्हता. तरीही मे २०११ च्या स्कॉटिश निवडणुकीत हा पक्ष १६ जागांवरून ५ वर कोसळला आणि स्कॉटिश नॅशनल पक्षाने १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या. तेथील राग आघाडी केल्याचा नव्हता, कोणाशी केली याचा होता. स्कॉटलंडच्या ५९ वेस्टमिन्स्टर, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, मतदारसंघांपैकी हुजूर पक्षाकडे एकच जागा होती. लिबरल डेमोक्रॅटच्या अकरा खासदारांनी त्या पक्षाला सत्तेवर बसवले, असे तिथल्या लोकांनी मानले. इंग्लंडला आघाड्या आवडत नाहीत, हे हुजूर पक्षाचे तेव्हाचे नेते डिझरायली यांचे १८५२ मधील वाक्य त्या काळात वारंवार उद्धृत झाले. २०१० चा अनुभव त्या वाक्याला पुष्टी देतो असे मला वाटत नाही.

भारतीय पासपोर्टचे मतदार

राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य करतात, त्यांना तेथील संसदीय निवडणुकीत मतदान करता येते. पुण्या-मुंबईहून गेलेला संगणक अभियंता किंवा विद्यार्थी भारतीय पासपोर्ट घेऊन ब्रिटनच्या मतदार यादीत नाव नोंदवू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नसते. या वर्गाला आघाडी सरकारचा परिणाम लगेच जाणवला. दहा वर्षे बेकायदा राहिलेल्या स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग खुला करण्याची लिबरल डेमोक्रॅटची योजना करारात गळाली आणि युरोपबाहेरील कुशल कामगारांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे हुजूर पक्षाचे धोरण स्वीकारले गेले. तात्पुरती मर्यादा जुलै २०१० मध्येच लागू झाली. त्याच महिन्यात कॅमेरॉन मोठे शिष्टमंडळ घेऊन बंगळूर आणि दिल्लीला आले, तेव्हा भारताने या मर्यादेविषयी चिंता व्यक्त केली. शिष्टमंडळातील केबल यांना हे धोरण मनापासून मान्य नव्हते आणि ते त्यांनी लपवलेही नाही. पुढे कंपनीअंतर्गत बदलीवर येणाऱ्यांना मर्यादेतून वगळण्यात आले, त्याचा फायदा भारतीय संगणक कंपन्यांना झाला. परंतु पदवीनंतर दोन वर्षे नोकरी करू देणारा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला, आणि कर्ज काढून शिकायला गेलेल्या कित्येक मराठी मुलांची गणिते चुकली.

मतपेटीतून आलेले उत्तर

मार्च २०११ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे वसंत अधिवेशन शेफील्डच्या सिटी हॉलमध्ये भरले. नेत्याच्या स्वतःच्या शहरात, सभागृहाभोवती पोलादी कुंपण उभारून आणि मोठा पोलीस बंदोबस्त लावून ते पार पाडावे लागले. मे महिन्यात शहराच्या पालिकेची सत्ता मजूर पक्षाकडे गेली. त्याच दिवशी, ५ मे २०११ रोजी, मतदान पद्धत बदलण्यासंबंधीचे सार्वमत झाले. स्मिथ स्क्वेअरमध्ये जांभळे कपडे घालून जमलेल्यांनी ज्यासाठी विनवले होते ते हेच, जरी मतपत्रिकेवर त्यांना हव्या असलेल्या, मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीऐवजी उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची मर्यादित पद्धत होती. ६७.९ टक्के लोकांनी ती नाकारली. विरोधकांनी प्रचारात क्लेग यांचा चेहरा वापरला आणि तो परिणामकारक ठरला; पक्षाने आघाडीत ज्या गोष्टीसाठी सर्वाधिक किंमत मोजली, ती गोष्ट पक्षाच्याच अप्रियतेमुळे हातची गेली.

या सरकारात लिबरल डेमोक्रॅटनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १०,००० पौंडांपर्यंत वाढली, गरीब घरांतील विद्यार्थ्यांसाठी शाळांना जादा निधी मिळाला, ओळखपत्रांची योजना रद्द झाली, आणि काही आठवड्यांत कोसळेल असे ज्याविषयी बोलले गेले ते सरकार पूर्ण पाच वर्षे टिकले. स्थैर्याचे श्रेय मात्र मतदारांनी थोरल्या भागीदाराच्या पदरात टाकले. मे २०१५ मध्ये हुजूर पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले आणि लिबरल डेमोक्रॅट ५७ वरून ८ जागांवर आले. नैऋत्य इंग्लंडमधील पंधराही जागा गेल्या. जिथे १६५ मतांनी विजय हुकला होता, त्या शेफील्ड सेंट्रलमध्ये मजूर पक्षाचे मताधिक्य सतरा हजारांवर पोहोचले, ग्रीन पक्ष दुसरा आला आणि लिबरल डेमोक्रॅट चौथ्या स्थानी घसरले.

हॅलममध्ये क्लेग वाचले. २०१० मध्ये त्यांचे मताधिक्य १५,२८४ होते, आता ते २,३५३ उरले. मजूर पक्षाची मते १६ टक्क्यांवरून सुमारे ३६ टक्क्यांवर गेली, तर हुजूर पक्षाची साडेतेवीस टक्क्यांवरून चौदा टक्क्यांच्या आत आली, म्हणजे हुजूर पक्षाच्या पारंपरिक मतदारांपैकी बऱ्याच जणांनी मजूर उमेदवाराला रोखण्यासाठी क्लेग यांना मत दिले होते. दोन वर्षांनी, ८ जून २०१७ रोजी, तेवढीही मते पुरली नाहीत आणि मजूर पक्षाने शेफील्ड हॅलम प्रथमच जिंकले.